घर क्रमांक दोनशे तेरा

आमच्या करंजठाणला भाऊसाहेबाची बदली झाली की जाणारा भाऊसाहेब येणाऱ्याच्या हवाली तीन चिजा करतो: कपाटाच्या चाव्या, शिक्का आणि भिवा. चाव्या दोनदा हरवल्या. शिक्का एकदा कुत्र्यानं पळवला होता, उकिरड्यावर सापडला. भिवा तेवढा एकतीस वर्षं जागेवर आहे.

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. सरकारनं त्यांचं नाव आता बदललंय म्हणे, पण गावाच्या तोंडातून जुनं नाव जात नाही. आणि भिवा ओव्हाळ म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई. पहाटे पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचा, तुंबलेलं गटार मोकळं करायचं, दाखल्यावर शिक्का मारायचा, ही त्याची पगाराची कामं. बिनपगारी काम एकच, कायदा सांगायचा. शिकलाय नववी. पण चाकणच्या अंगाच्या दहा-बारा गावांतला सरपंच किंवा भाऊसाहेब अडला की त्यालाच फोन लावतो, आणि भिवा एक पाय गटारात ठेवून बोलतो.

“भिवाभाऊ, ग्रामसभेला माणसंच येईनात. कोरम न्हाई. आता?”

“किती आलीत?”

“बत्तीस.”

“त्यांची हजेरी लिवा. सभा तहकूब करा, फुडची तारीख तिथंच वाचून दावा. अन् ऐका, तहकूब सभेत नवा इषय घुसडू नका. तुमी घुसडता.”

“न्हाई हो.”

“मागच्या साली घुसडला व्हता. ठेवतो आता, हितं घाण अडकलीय.”

हे त्याच्यात कुठून आलं ते सांगायचं तर हलगीपासून सुरुवात करावी लागते.

गावाला काही कळवायचं तर दवंडी, दवंडीला हलगी, आणि हलगी वाजवायला महारवाड्यातला माणूस, असं आमच्याकडं पूर्वी चालायचं. भिवाच्या आज्यानं वाजवली. बापानंही पोरपणी वाजवली. मग बापानं बुद्धाचा धम्म घेतला. त्या दिवशी घरी येऊन त्यानं हलगीचं चामडं फाडलं, लाकडी कडं चुलीत घातलं, वर पाण्याचा हंडा चढवला आणि त्या पाण्यानं अंघोळ केली. गावानं त्याचं बलुतं बंद केलं. आमच्या आज्यानंही केलं, लपवायचं कशाला. मग तो सायकल मारत देहूरोडला लष्कराच्या डेपोत हमालीला जायला लागला आणि गावापेक्षा चार घास जास्तच खाल्ले त्यानं.

भिवा पंचायतीत लागला तेव्हा त्यावेळच्या सरपंचानं पहिल्याच दिवशी फळीवरची हलगी काढून त्याच्यापुढं धरली. उद्याच्या सभेची दवंडी दे म्हणाला.

भिवानं हात मागं बांधले. “झाडीन. व्हॉल्व्ह सोडीन. उन्हातान्हात टपाल नेईन. ही वाजवायची न्हाई.”

“मग गावाला कळायचं कसं? तुझ्या मनात आलं म्हणून?”

“दारोदार जाऊन सांगतो.”

सरपंच हसला. पण तेव्हाचे भाऊसाहेब होते अर्जुनराव, पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. ते हसले नाहीत. म्हणाले, “सांगितलं हे उद्या कोण मानंल? वही कर. घराचा नंबर, नाव, तारीख, सही. सही येत नसंल त्याचा अंगठा. अन् सभा उद्या कशी घेता, सरपंच? सात दिस आधी नोटीस लागती.”

हलगी परत फळीवर गेली. पुढं तिला उंदरांनी खाल्लं.

अर्जुनरावांनी भिवाला भाकरी खाता खाता कायदा शिकवला. दुपारी पंचायतीचं दार पुढं करायचं, डबे सोडायचे, आणि तालुक्याहून आलेलं परिपत्रक भिवानं मोठ्यानं वाचायचं. अडलेला शब्द अर्जुनराव सांगायचे. वाचून झालं की ते पत्र्याच्या पेटीत जायचं. ती पेटी आजही आहे, आणि कुठलं पत्र कितव्या थरात हे भिवाला बिनचूक माहीत आहे. अर्जुनरावांचं एक सांगणं त्यानं कायम धरलं: जे झालं तेच लिहायचं. नंतर आठवलं तर नंतरच्या तारखेला लिहायचं. मागं जाऊन लिहायचं नाही.

वहीचं म्हणाल तर ते सोपं काम नव्हतं. पूर्वी संध्याकाळी देवळापुढं उभं राहिलं की अर्धं गाव भेटायचं. आता अर्धं गाव कंपनीत. एक पहिल्या शिफ्टला, एक दुसऱ्या, एक रात्र करून आलेला, तोंडावर चादर घेऊन झोपलेला. भिवाला चारशे बारा घरांची शिफ्ट पाठ आहे. कुणाची या आठवड्यात बदलली तेही माहीत. झोपलेल्याला तो उठवत नाही, उठायच्या वेळेला परत येतो. एका घराला तीन खेपा झाल्या तरी तोंड वाकडं नाही. चाळीतल्या खोल्यांत लातूर-बीडची, विदर्भाची माणसं राहतात. त्यांतल्या कितीकांची नावं आमच्या मतदार यादीत नाहीत. त्यांच्या दारातही तो उभा राहतो. “मत नसंल तुमचं हितं. पण नळाचं पाणी पिता ना? या ऐकायला.”

एवढं सगळं गावभर सांगणारा माणूस घरी मात्र मुका. बायको नीला विचारायची, काय झालं आज पंचायतीत? हा चपला काढत म्हणायचा, काय न्हाई. सरपंचाला अविश्वासात पाडलं त्या दिवशीही काय न्हाई. पाण्याची टाकी फुटून शाळेत तळं झालं त्या दिवशीही काय न्हाई. नीलाला टाकीचं कळलं ते शेजारणीच्या पोराच्या ओल्या दप्तरावरून.

नीला घरात बसून राहणारी बाई नाही. तिच्या ओट्यावर कंपनीत जाणाऱ्या बायकांची लेकरं असतात. आधी दोन होती, मग सहा, यंदा अकरा. बाया पहाटे लेकरू देऊन बस धरतात आणि दुपारी घेऊन जातात. ओटा केवढा, तर दोन खाटा मावतील एवढा. समोरून सिमेंटचे मिक्सर जातात. नीला दारात आडवी खाट लावते आणि स्वतः त्या खाटेवर पहाऱ्याला बसते. गावात अशा आणखी दोन-तीन जागा. सगळी मिळून तीस-पस्तीस लेकरं, रस्त्याच्या कडेला.

म्हणून यंदा एक मेच्या ग्रामसभेत कोंडवाड्याचा विषय आला. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं कोंडायची पंचायतीची जागा, पाच गुंठे, भोवती दगडी भिंत. जनावरंच राहिली नाहीत तर कोंडणार काय? सरपंच जयमालाताईंनी विषय मांडला की इथं लेकरांसाठी पाळणाघर करावं. माजी सरपंच बबनराव म्हणाले, ही जागा कंटेनरच्या पार्किंगला द्या, पंचायतीला भाडं येईल. लई गलका झाला. शेवटी हात वर झाले आणि ठराव पाळणाघराचा झाला.

बबनराव काही वाईट माणूस नव्हे. पण हरलेली गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नाही. त्यांनी तालुक्याला अर्ज ठोकला: सभेची दवंडी दिलेली नाही, सबब सभा बेकायदा, ठराव रद्द करावा. चौकशीला तालुक्याच्या विस्तार अधिकारी योगिनी मॅडम येणार असं पत्र आलं, आणि त्यात लिहिलं होतं की शिपायाचा जबाब घेतला जाईल.

आदल्या दिवशी पंचायतीत तिघंच होती. जयमालाताई, निरंजन भाऊसाहेब आणि भिवा. निरंजन नवा, लातूरकडचा, अजून सही करताना शिक्का कुठं मारायचा म्हणून भिवाकडं बघणारा.

“कसं करावं ओ, भिवाभाऊ?” निरंजन म्हणाला. “दवंडीचं तर तेवढं खरंच आहे की.”

जयमालाताईंनी खुर्ची पुढं ओढली. “येक वाक्य हाय, भिवाभाऊ. वाजवली म्हणायचं. तुमच्या शब्दाला कोण खोटं म्हणणार न्हाई.”

“म्हणूनच म्हणता यायचं न्हाई, ताई.”

“तुमच्याच घरी अकरा लेकरं हायेत. माझ्या घरी न्हाईत.”

“ठावं हाय.”

“मग?”

“हलगी दावा म्हणल्या मॅडम, तर काय दावू? तुमच्या घरचं पातेलं?”

निरंजनला हसू फुटलं, पण ताई हसल्या नाहीत. भिवाही नाही. तो पेटी पुसत बसला. वाजवली म्हणावं तर बापाची ती अंघोळ वाया जाते, आणि वाजवली नाही म्हणावं तर लेकरांची जागा जाते. घरी गेल्यावर नीलानं विचारलं, उद्या काय हाय म्हणं पंचायतीत? तो म्हणाला, काय न्हाई.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता योगिनी मॅडम आल्या. तिशीतल्या, अंगानं बारीक, आवाज मात्र पोलिसासारखा. पंचायतीच्या हॉलमध्ये चाळीसेक माणूस दाटलं होतं. मॅडमनी भिवाला समोर बसवलं.

“एक मेच्या सभेची दवंडी दिली का?”

“न्हाई.”

जयमालाताईंनी डोळे मिटून घेतले.

“का नाही दिली?”

“मी हलगी वाजवत न्हाई, मॅडम. पंचायतीत लागलो तवाच सांगितलं व्हतं. त्याबदली घरोघर जातो.” त्यानं वही पुढं केली. “नोटीस फळ्यावर लावली, तिची तारीख पयल्या पानावर हाय. ह्या सह्या. सात दिसाच्या आतली येक न्हाई.”

मॅडमनी वही चाळली. बराच वेळ चाळली. मध्ये एकदा “शिफ्ट २, परत येणे” असं लिहिलेलं वाचून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग म्हणाल्या, “दवंडी नाही ही उणीव आहे. ती मी अहवालात लिहिणार, त्यात सूट नाही. पण त्या उणिवेमुळं कुणाचा हक्क बुडाला? बबनराव, तक्रार तुमची आहे. सभेची खबर मिळाली नाही असा एक तरी मतदार दाखवा.”

बबनरावांनी चष्मा लावला आणि वही मांडीवर घेतली. सगळ्यांना वाटलं, काय सापडायचंय? बबनराव बोटाला थुंकी लावून पान पान उलटत होते. शंभर झाली. दीडशे झाली. दोनशेच्या पुढं बोट थांबलं.

“हे बगा, मॅडम. घर क्रमांक दोनशे तेरा. नाव हाय, सही न्हाई.”

“नाव वाचा.”

बबनरावांनी वाचलं आणि ते स्वतःच दचकले. “नीलाबाई भिवा ओव्हाळ.”

कुणीतरी मागून खिदळलं. मॅडमनी भिवाकडं पाहिलं. “या कोण?”

भिवाचं तोंड पहिल्यांदाच उतरलेलं दिसलं आम्हाला. “माझी मंडळी,” तो म्हणाला.

“कुणाचीबी मंडळी असू दे,” बबनरावांना जोर चढला. “मतदार हाय का न्हाई? जुन्या वह्या काढा.” पेटीतून जुन्या वह्या निघाल्या. मागची सभा, त्याच्या मागची, पाच वर्षांपूर्वीची. सगळ्यांत दोनशे तेराची ओळ कोरी. भावकीतल्या भांडखोर माणसाची सही होती, बबनरावांची स्वतःची प्रत्येक वेळी होती. भिवाच्या घरची एकदाही नव्हती.

“असं का?” मॅडमनी विचारलं.

भिवा म्हणाला, “समद्यात शेवटी घरी जातो मी. घरचंच की, म्हणून राहत गेलं. चूक हाय.”

मॅडम म्हणाल्या, “बोलवा त्यांना.”

नीला आली ती कडेवर एक लेकरू घेऊन, पदराला पीठ लागलेलं. बाकीची लेकरं शेजारणीकडं सोपवली, लौकर काय ते इचारा म्हणाली. मॅडमनी तिला खुर्ची दिली. लेकरानं मॅडमचा पेन धरला.

“एक मेच्या ग्रामसभेची सूचना तुम्हाला तुमच्या मालकांनी दिली होती का?”

जयमालाताई तिला डोळ्यांनी खुणावत होत्या. व्हय म्हण, व्हय म्हण. निरंजन भाऊसाहेब टेबलाखाली हात जोडून बसला होता. नीलानं भिवाकडं पाहिलं.

भिवा म्हणाला, “जे झालं ते सांग.”

“न्हाई,” नीला म्हणाली.

बबनरावांनी मांडीवर थाप मारली.

“या सभेचं न्हाई अन् कुठल्याच सभेचं न्हाई,” नीला पुढं निघाली, आणि ती निघाली की थांबत नाही. “बत्तीस वर्सं झाली लग्नाला, मॅडम. हे माणूस गावात बोलून बोलून घरी रिकामं येतं. काय झालं? काय न्हाई. पंचायत जळाली तरी म्हणतील, काय न्हाई. बबनरावभावजींच्या दारात तीन खेपा मारतील. माझ्या दारात रोज येत्यात, येक कागद दावत न्हाईत. मी काय ह्या गावची न्हाई व्हय?”

कुणी हसलं नाही. भिवा चपलेकडं बघत होता.

मॅडमनी विचारलं, “म्हणजे सभा आहे हे तुम्हाला कळलंच नाही?”

“कळलं न्हाई कसं? पयल्या शिफ्टच्या बायांनी लेकरं सोडताना सांगितलं. दळणाला गेले तर गिरणीत सांगितलं. पाण्याच्या टाकीवर तेच, किराणावाल्याकडं तेच. ह्यांनी समद्यांला सांगितलं, अन् समद्यांनी मला सांगितलं. नको नको झालं ऐकून.”

“मग सभेला आलात?”

“आले की. दोन तास बसले. बोललेसुदिक, ओट्यावर लेकरं मावंनात म्हणून.” तिनं बबनरावांकडं हात केला. “हे भावजी म्होरं व्हते. मला म्हणले, नीलाबाई, खाली बस, तुझं कळलं. इचारा त्यास्नी.”

मॅडम बबनरावांकडं वळल्या. बबनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “व्हय. म्हणालो व्हतो.” आमच्या गावात माणसं भांडतात, पण अंगावर आलं तर नाकारत नाहीत, एवढं बबनरावांचं मानावं लागेल.

निरंजननं हजेरीची वही काढली. एकसष्ट नंबरला नीलाची सही, आणि तिच्याखाली कंपनीच्या बायांच्या सह्यांची रांगच.

मॅडमनी लेकराच्या मुठीतून पेन सोडवून घेतला आणि लिहायला लागल्या.

बाहेर आल्यावर नीलाचा राग उतरला होता. ती म्हणाली, “आणा ती वही. करते सही. उगं तुमची ओळ कोरी दिसती.”

“आता न्हाई,” भिवा म्हणाला. “तारीख गेली.”

“मरा मग,” असं म्हणून ती लेकराला घेऊन घरी गेली. भिवा तिच्या मागं चार पावलं गेला, थांबला, आणि म्हणाला, “नीला, चुकलंच माझं.” ती वळली नाही. पण कडेवरचं लेकरू त्याच्याकडं बघून हसत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी तालुक्याचं पत्र आलं. ठराव कायम. कोंडवाड्याची जागा पाळणाघरालाच. खाली एक ओळ होती: यापुढे सभेची सूचना ध्वनिक्षेपकावरूनही द्यावी. भिवानं पत्र दोनदा वाचलं आणि पेटीत ठेवलं. निरंजननं डोकं चालवून भिवाचाच आवाज मोबाइलवर भरून घेतला आणि घंटागाडीला जोडून दिला. आता ओला कचरा, सुका कचरा झालं की गाडी भिवाच्या आवाजात ग्रामसभा सांगत फिरते. हलगी न वाजवता दवंडी झाली. बबनराव गाडी आली की म्हणतात, आला बग भिवा, बादली काढ.

पंधरा ऑगस्टच्या सभेला बारा दिवस होते. सकाळी साडेसहाला भिवा नवी वही घेऊन घरातून बाहेर पडला, रस्त्यापर्यंत गेला, आणि वळून स्वतःच्याच दारात येऊन उभा राहिला. ओट्यावर बाया लेकरं सोडत होत्या. त्यांना वाटलं, काही विसरलं.

भिवानं घसा खाकरला. “घर क्रमांक दोनशे तेरा. नीलाबाई भिवा ओव्हाळ. ग्रामसभेची नोटीस हाय.”

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आतून आवाज आला, “गाडीनं सांगितलंय मगाशी.”

“गाडीला सही घेता येत न्हाई.”

“थांबा. चपाती करपंल.”

भिवा थांबला. तीन चपात्या होईपर्यंत थांबला. मग नीला हात पुसत आली, नोटीस घेतली आणि खाटेवर बसून पहिल्यापासून वाचायला लागली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त. दोन, पाळणाघराचे काम. तीन, चार. बायांची बसची वेळ झाली तरी एकही हलेना. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून तिनं मान वर केली.

“ह्यात आमच्या गल्लीचं गटार कुठाय?”

“त्यो इषय न्हाई.”

“का न्हाई?”

“कुणी अर्ज दिला न्हाई.”

“अर्ज दिला तर घेतील?”

“अजून बारा दिस हायेत. घ्यावा लागंल.”

“मग बसा खाली,” नीला म्हणाली. “लिवा.”

भिवा खाटेच्या कडेवर बसला, वहीचं मागचं पान फाडायला लागला, मग थांबला. वहीचं पान फाडायचं नसतं. एका बाईनं पर्समधून कंपनीच्या कॅन्टीनची पावती काढून दिली, पाठ कोरी होती. भिवानं ती गुडघ्यावर ठेवली, वर आधी तारीख घातली आणि म्हणाला, “हं. बोला.”